शेपूट आल्यावर पाच मिनिटं: आमच्या भागातल्या मुलांच्या सायकल क्लबबद्दल

पुण्यात धायरीला माझं शिवणकामाचं छोटं दुकान आहे. शाळेचे गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको. मुलगी आठवीत आहे आणि जूनपासून ती आमच्याकडच्या मुलांच्या सायकल क्लबमध्ये जाते. दुकानात येणाऱ्या बायका सारख्या विचारतात, ‘‘कसा आहे गं क्लब? घालू का आमच्या पोराला?’’ मापं घेता घेता प्रत्येकीला अर्धंमुर्धं सांगून होतं. दसऱ्याच्या आधीपासून आतापर्यंतच्या सगळ्या राईड्स जवळून पाहिल्यात, तीनदा स्वतः टेम्पोत बसून गेलेय, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

क्लबला पाटी नाही, ऑफिस नाही. शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे सर आणि कॉलेजात शिकणारी एक ताई मिळून चालवतात. मुलं 11 ते 17 वयाची, मिळून 22. त्यातल्या 9 मुली. फी महिन्याला 400 रुपये. लांबच्या राईडला टेम्पोचं भाडं आणि नाश्ता वेगळा, तो आलेल्यांमध्ये वाटून घेतात. पावसाळ्यात फक्त जवळच्या चकरा आणि मैदानावरचा सराव. अश्विन लागला, पाऊस उघडला, की मग गावाकडच्या राईड्स सुरू होतात. क्लबचा खरा हंगाम तोच.

पहिल्याच दिवशी सरांनी माझ्या मुलीला राईडला घेतलं नव्हतं. आम्ही नवी सायकल घेतली होती, गिअरची. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, मोठीच घ्या, वाढतं अंग आहे, चार वर्षं बघायला नको.’’ मला ते पटलं, कारण मीही गणवेश शिवताना तेच करते. स्कर्टला खाली दोन इंच दाब ठेवते, पुढच्या वर्षी उसवून खाली सोडता येतो. पण सरांनी तिला सायकलच्या मधल्या दांडीवरून दोन्ही पाय टाकून उभं केलं आणि मला म्हणाले, ‘‘बघा.’’ तिच्या टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या होत्या. चवड्यांवर उभी होती पोरगी. अचानक ब्रेक मारून उतरायची वेळ आली तर ती दांडीवरच आदळणार. ब्रेकच्या मुठीपर्यंत तिची बोटंही पुरत नव्हती, पहिलं पेर कसंबसं टेकत होतं. स्कर्टला दाब ठेवता येतो, सायकलीला नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सरांनी नुसतं नाही म्हणून परत पाठवलं नाही. क्लबमध्ये लहान पडलेल्या सायकली एकमेकांत फिरतात. दहावीतल्या एका मुलीची सायकल आमच्याकडे आली, आमची नवी कोरी सायकल एका उंच मुलाच्या घरी गेली. यात आमचे 2,000 रुपये बुडाले. पण तिला त्या मोठ्या सायकलवर तशीच घाटात जाऊ दिली असती तर, हा विचार आजही मनात येतो. बाहेर इतके क्लास, इतक्या शिबिरांचे पैसे आपण भरतो. आधी पैसे घेतात आणि मग मूल बघतात. इथे आधी मूल बघितलं.

खंडेनवमीला सगळ्यांनी सायकली घेऊन सरांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये यायचं होतं. मला वाटलं हार घालतील, पेढा देतील. पण सकाळी 8 पासून आधी कामच होतं. प्रत्येकाने आपली चेन स्वतः साफ करायची. रॉकेल मिळत नाही आता, म्हणून डिझेल आणि जुना टूथब्रश. मग कोरड्या फडक्याने पुसून एकेका कडीवर एकेक थेंब तेल, आणि वरचं जास्तीचं तेल परत पुसून टाकायचं, नाहीतर त्याला धूळ चिकटते. शिलाई मशीनचंही तसंच असतं. तेल घालून पहिला टाका चिंधीवर मारायचा असतो, कापडावर नाही. मुलीला हे मी घरी कितीदा सांगितलं असेल. ती तिथून आली आणि माझ्या मशीनचा पट्टा उतरवून खालची धूळ पुसायला बसली. मग दोघींनी मिळून मशीनला झेंडू वाहिला.

आता सासवडच्या राईडबद्दल, कारण क्लब कसा आहे हे त्या एका दिवसात सगळं दिसलं.

कात्रज-कोंढवा रस्त्यावरून हे मुलांना सायकलवर नेत नाहीत. ट्रक, डंपर, खडी सांडलेली. म्हणून सायकली टेम्पोत, मुलं दोन स्कूलव्हॅनमध्ये आणि येवलेवाडीला उतरून तिथून पुढे पॅडल. टेम्पोत आळीपाळीने दोन पालकांनी यायचं, तेव्हा माझी पाळी होती. सकाळी सव्वासहाला बोपदेव घाट चढायला सुरुवात केली. 14 मुलं. सगळ्यात पुढे ताई, सगळ्यात मागे सर, आणि सरांच्या पुढे जे मूल असेल त्याला मुलं ‘शेपूट’ म्हणतात. त्या दिवशी शेपूट माझी मुलगी होती.

मी टेम्पोतून मागून बघत होते. घाटात ती दोनदा उतरली, सायकल हातात धरून चालली. पुढची मुलं वळणावरून दिसेनाशी झाली. माझ्या पोटात कालवत होतं. सर तिच्याशी काही बोलत नव्हते, फक्त तिच्या वेगाने मागे येत होते. चढावर बोलायला लावलं की दम जातो, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. एकदाच म्हणाले, ‘‘गिअर हलका कर, पाय फिरू देत.’’

वर पोचल्यावर जे बघितलं त्यासाठी मी हा क्लब कुणालाही सांगेन. नेहमी काय होतं, पुढचे लोक वर जाऊन बसतात, पाणी पितात, फोटो काढतात आणि मागचा धापा टाकत पोचला रे पोचला की म्हणतात, चला. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ती मिळत नाही. इथे नियम आहे: शेपूट पोचल्यावर घड्याळ लावून पाच मिनिटं सगळ्यांनी थांबायचं. कितीही आधी आलेला असो, ती पाच मिनिटं सगळ्यांची. मुलगी आली, रस्त्याच्या कडेला बसली, पाणी प्यायली आणि कुणी ‘काय गं, किती वेळ’ असं म्हणालं नाही. सातवीतल्या एका मुलाने तिला आपल्या डब्यातलं गूळ-शेंगदाणे दिलं. तिने मागे वळून खाली धुक्यातलं पुणं बघितलं आणि मला हात केला.

पुढचा रस्ता म्हणजे डोळ्यांना सुख आहे. भिवरी, चांबळी, दोन्हीकडे शेतं, कुठे बाजरी काढून झालेली, कुठे ज्वारी नुकती वीतभर वर आलेली, झेंडूचे पिवळे-केशरी पट्टे. उतारांवर सोनकी फुललेली, गवताच्या शेंड्यांना पिवळट रंग धरलेला. समोर पुरंदर आणि वज्रगड. ताईने चांबळीजवळ थांबवून सांगितलं की जवळच कोडीत आहे, तिथे 1898 साली आचार्य अत्रे जन्मले. मोठ्या मुलांना नाव माहीत होतं. लहानांना नव्हतं, पण गावाचं नाव त्यांच्या लक्षात राहील, कारण पुढच्याच वळणावर दोन टायर बसले.

कारण सराटे. आमच्या आजोळी सराट्यांवरून अनवाणी पळताना मी रडलेली आहे, पण ते सायकलच्या टायरचं काय करतात हे मला ठाऊक नव्हतं. पावसात ती वेल हिरवी, मऊ असते, पिवळी फुलं येतात. ऊन पडायला लागलं की फळ वाळतं आणि रस्त्याच्या कडेला पसरतं. कसंही पडलं तरी एक काटा वर. गाडीला जागा द्यायला मुलं डांबरावरून कडेच्या मातीत उतरली होती, तेवढ्यात झालं.

एक टायर माझ्या मुलीचा होता. क्लबचा नियम असा की ज्याचं पंक्चर त्याने काढायचं. सर बाजूला बसतात पण हात लावत नाहीत. तिने चाक काढलं, टायर लिव्हरने टायर सोडवला, ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळ फिरवली. हवा कुठून येते ते गालाला पटकन कळतं. भोक सापडलं, पॉलिश पेपरने घासलं, सोल्युशन लावून सुकू दिलं, पॅच दाबून धरला. सगळं बरोबर. चाक बसवलं, हवा भरली, निघाली. शंभर-दोनशे मीटरवर टायर परत बसला. टायरच्या आत काट्याचं टोक तसंच राहिलं होतं.

तिचे डोळे भरून आले. सर म्हणाले, ‘‘आता टायर आतून चाचप.’’ तिने बोट फिरवलं, काही लागेना. तेव्हा टेम्पोतून उतरून मी माझ्या पिशवीतली पॉपलिनची चिंधी तिला दिली. म्हटलं, ‘‘बोटाला लागणार नाही, याला अडकेल.’’ सुईचं टोक खराब झालंय का ते आम्ही असंच बघतो, कापडावरून हलकं ओढून. धागा अडकला की समजायचं. तिने चिंधी टायरच्या आत गोल फिरवली आणि एका ठिकाणी धागा ओढला गेला. तांदळाच्या कणीएवढं टोक, टायरच्याच रंगाचं. नखाने उपटून काढलं तिने. सरांनी ती चिंधी हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, ‘‘ताई, अशा पंचवीस मिळतील का?’’ आता प्रत्येक मुलाच्या पंक्चरच्या पाकिटात माझ्या दुकानातली एक चिंधी आहे. मला याचा किती आनंद आहे हे लिहून सांगता येणार नाही.

सासवडला पोहे-चहा झाल्यावर मुलांना सीताफळाच्या बाजारात नेलं. हंगाम भरात होता, पाट्यांच्या रांगा लागलेल्या. एका शेतकरी मावशींनी मुलांना फळ कसं बघायचं ते दाखवलं: डोळे उघडले, दोन डोळ्यांमधली भेग पांढरट-पिवळी दिसायला लागली की फळ भरलं. डोळे मिटलेलं फळ घरी नेऊन ठेवलंत तर काळं पडेल पण पिकणार नाही. कडक पण डोळे उघडलेलं घ्यायचं, दोन दिवसांत खाण्याजोगं होतं. प्रत्येक मुलाला 50 रुपयांत घरच्यांसाठी फळं घ्यायची होती, भाव स्वतः करायचा होता. माझ्या मुलीने चार आणली, त्यातलं एक बॅगेत दबून फुटलं, तीन घरी पोचली. अंजिराच्या बागाही रस्त्याने दिसल्या. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय हे ताईने सांगितलं, पण फळ अजून यायचं होतं, त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष सीताफळात. कऱ्हेच्या काठच्या संगमेश्वराच्या पायऱ्यांवर बसून त्यांनी बिया किती लांब जातात याची शर्यत लावली आणि मग सरांनी सगळ्या बिया वेचायला लावल्या.

परतताना घाटाच्या माथ्यावर परत थांबले. प्रत्येक सायकलचे दोन्ही ब्रेक सरांनी स्वतः दाबून बघितले. एका मुलाचा मागचा ब्रेक ढिला होता, त्याची सायकल सरळ टेम्पोत चढवली, तो हिरमुसला तरी ऐकलं नाही. बाकीच्यांनी एकामागून एक, पुढचा निघाल्यावर मनात वीस मोजून मग उतरायचं. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबायचे-सोडायचे, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. ओव्हरटेक अजिबात नाही. 17 वर्षांचा मुलगाही 12 वर्षांच्या मुलीच्या मागे शांतपणे उतरत होता.

पण सगळं गोडच आहे असं नाही. त्याआधीच्या रविवारी पानशेत रस्त्याला राईड होती. निघायचं सहाला, निघाले सात वाजून दहा मिनिटांनी, कारण दोन मुलं उशिरा आली आणि सगळे त्यांच्यासाठी थांबले. आपला ऑक्टोबर सकाळी गार वाटतो पण साडेनऊनंतर ऊन असं चढतं की मे बरा. येताना खडकवासल्याच्या चौपाटीवर रविवारची गर्दी, गाड्या, कणसांचे स्टॉल, त्यात मुलं अडकली. मुलगी साडेबाराला घरी आली ती लालबुंद. डोकं धरून बसली, दोनदा उलटी झाली. तिच्या दोन्ही बाटल्या अकरालाच संपल्या होत्या आणि तिने लाजून कुणाकडे मागितलं नाही.

संध्याकाळी मी सरांच्या घरी गेले. मी चिडले होते आणि मी ते लपवलं नाही. सरांनी एकदाही ‘मुलांना सवय व्हायला हवी’ वगैरे म्हटलं नाही. म्हणाले, ‘‘चूक माझी आहे. दोघांसाठी बाकीच्यांना उन्हात घातलं.’’ पुढच्या राईडपासून दहा मिनिटांपेक्षा जास्त कुणासाठी थांबत नाहीत, दहा वाजता जिथे असतील तिथून टेम्पो, आणि टेम्पोत 20 लिटरचा पाण्याचा जार, शिवाय मीठ-साखरेचं लिंबूपाणी. थांबलं की प्रत्येकाने बाटली उलटी करून दाखवायची. रिकामी असेल तर लगेच भरायची. मागावं लागत नाही. सासवडला हे सगळं पाळलेलं मी डोळ्यांनी बघितलं.

बाकीचं थोडक्यात. कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि भेंड्या. रात्री सायकल नाही, मुलं चालत आली, हे मला बरं वाटलं. दिवाळीत भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पेठांमधले किल्ले बघायला गेले. सायकली एका ओळखीच्या वाड्यात लावून पायी फिरले. कुठे हळीव पेरून डोंगर हिरवा केलेला, कुठे मोहरीचा. कुठे तटावरचा मावळा तोफेएवढा आणि महाराज सिंहासनावर सगळ्यात वर. किल्ला केलेल्या मुलांना आमची मुलं प्रश्न विचारत होती, ती पोरं फुशारून माहिती देत होती. दिवाळीनंतर मुळशीकडे, पिरंगुटच्या पुढे, भातकापणी बघायला. झोडणी चाललेल्या खाचरात सरांनी सांगितलं की आपण घरी जो इंद्रायणी खातो तो वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 साली आला. तिथल्या आजोबांनी मुलांना पेंढी हातात देऊन फळीवर झोडायला लावली. मुलगी दंडाला भाताच्या पात्याचे ओरखडे घेऊन घरी आली. रात्री ताटात भात पडल्यावर तिने एक शीत टाकलं नाही.

ज्या गोष्टी सुधारायला हव्यात त्याही लिहिते, सरांना आणि ताईला तोंडावर सांगितल्याच आहेत. राईडचा निरोप शनिवारी रात्री साडेदहाला येतो. माझ्यासारखीला, जिला रविवारी गिऱ्हाईकाला कपडे द्यायचे असतात, तिला तो शुक्रवारी हवा. टेम्पोचं भाडं किती, कुणाच्या वाट्याला किती, हे लिहून द्यायला हवं. तोंडी हिशेबात चूक नसते पण शंका येते. आणि मुलींच्या टॉयलेटची सोय. ताई असली तर ती आधी फोन करून गावातल्या एखाद्या घरी किंवा शाळेत विचारून ठेवते, पण परीक्षेमुळे ती एकदा नव्हती तेव्हा मुली वाटेत पाणीच प्यायल्या नाहीत असं मला नंतर कळलं. उन्हात हे चालणार नाही. यावर आता एका पालक बाईंनी प्रत्येक राईडला यायचं ठरलंय. जानेवारीपर्यंत दोन पाळ्या मी घेतल्यात.

ज्यांना मुलाने शर्यत जिंकावी, वेग वाढवावा असं वाटतं त्यांच्यासाठी हा क्लब नाही. इथे कुणी वेळ लावत नाही. दोन चांगली जोरात चालवणारी मुलं याच कारणाने सोडून गेली, आणि त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच असेल. पण मूल जरा मागे पडणारं असेल, लाजणारं असेल, तर डोळे मिटून पाठवा.

पुढची मोठी राईड भुलेश्वरची आहे, यवतच्या बाजूने. ती 15 वर्षांवरच्यांसाठी, त्यामुळे मुलगी नाही. पण मी टेम्पोत आहे, आणि त्या देवळात स्त्रीरूपातला गणपती कोरलाय तो मला बघायचाय. पहाटे अंधारात निघायचं म्हणून 16 जाकिटांना पाठीवर चमकणारी पट्टी लावायचं काम माझ्याकडे आलंय. दुहेरी टीप मारतेय, एक टीप धुण्यात सुटते.

तुम्ही मुलाला घालणार असाल तर सायकल घेण्याआधी एक करा: मुलाला भिंतीला पाठ लावून बूट घालून उभं करा आणि जांघेपासून जमिनीपर्यंतची पायाची आतली लांबी मोजा. सायकलची मधली दांडी त्यापेक्षा निदान एक-दोन इंच खाली हवी. घरी टेप नसेल तर दुकानात या, मापाचे पैसे मी घेत नाही.